वाटाघाटीच्या पाठीमागचा जमाव
हैदराबादचा जैसे थे करार आणि तडजोडीचा धर्मविचार

शांततेचा करार म्हणजे शेवटी दिलेला शब्द. शब्द देणारा मोकळा हवा, नाही तर त्या शब्दाला अर्थ नाही, असे नीतिशास्त्र जुन्या काळापासून मानत आले आहे. पण राज्याच्या वतीने वाटाघाटीला बसणारा माणूस मोकळा कधीच नसतो. समोरच्याचा दबाव उघड असतो. फौज, नाकेबंदी, मुदतीची नोटीस ही त्याची रूपे सगळ्यांना दिसतात. दुसरा दबाव पाठीमागून, आपल्याच माणसांकडून येतो आणि बहुतेक वेळा तोच भारी ठरतो. यातून दोन प्रश्न उभे राहतात. अशा दडपणाखाली दिलेला शब्द किती बांधील? आणि एखादी गोष्ट पवित्र म्हणून एकदा जाहीर झाली, की तिच्यावर देवघेव करण्याचा अधिकार वाटाघाट करणाऱ्याकडे उरतो का? इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्या बोलण्यांच्या संदर्भात हे प्रश्न नेहमी चर्चिले जातात. मराठवाड्याला मात्र त्यांचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९४७-४८ साली हैदराबाद आणि दिल्ली यांच्यात झालेल्या वाटाघाटी याच प्रश्नांवर येऊन अडल्या होत्या, आणि त्या अडवणाऱ्यांत लातूरला वकिली केलेला एक माणूस सर्वांत पुढे होता.

ब्रिटिश गेले तेव्हा संस्थानांवरील त्यांचे अधिराज्य भारताकडे किंवा पाकिस्तानकडे सुपूर्द झाले नाही, ते संपले. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे प्रत्येक संस्थानिक मोकळा झाला. बहुतेकांनी १५ ऑगस्टपूर्वी सामीलनाम्यावर सह्या केल्या. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने जून १९४७ मध्येच फर्मान काढून कोणत्याही संविधानसभेत जाण्यास नकार दिला होता. त्याचे राज्य लहान नव्हते. सोळा जिल्हे, दीड कोटीहून अधिक लोक, तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषांचे मुलूख आणि कारभाराची भाषा उर्दू. सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू. राज्यकर्ता, सैन्य आणि वरचा नोकरवर्ग प्रामुख्याने मुस्लिम. मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे याच राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. गंजगोलाईच्या बाजारपेठेमुळे गाव भरभराटीला आले होते आणि कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे होत्या. अलीगढला शिकलेले कासिम रझवी याच गावात वकिली करीत.

रझवी यांनी जी संघटना ताब्यात घेतली ती मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन. १९२७ साली ती स्थापन झाली तेव्हा तिचे स्वरूप मुख्यतः धार्मिक-सामाजिक होते. तिला राजकीय तत्त्वज्ञान दिले ते बहादुर यार जंग यांनी. त्यांचे वक्तृत्व विरोधकांनीही वाखाणले आहे. त्यांनी मांडलेला सिद्धांत थोडक्यात असा: हैदराबादचे सार्वभौमत्व निजामाच्या व्यक्तीत नाही, ते तेथील मुस्लिम समाजात आहे, निजाम हा त्या सार्वभौमत्वाचे केवळ प्रतीक आहे. ‘अनल मलिक’, म्हणजे मीच राजा, अशी घोषणा त्यातून निघाली. निर्धनातल्या निर्धन मुस्लिमालाही आपण राज्याचे भागीदार आहोत असे वाटावे, अशी तिची रचना होती. टांगेवाला, शिपाई, विणकर, ज्यांना निजामाच्या दरबारात कधी पाऊल टाकता आले नसते, त्यांना या घोषणेने एक प्रतिष्ठा दिली. तिची ताकद नाकारून चालत नाही.

तत्त्व म्हणून पाहिले तर या सिद्धांतात एक विलक्षण विसंगती आहे. लोकांच्या सार्वभौमत्वाची आधुनिक कल्पना त्याने उचलली आणि ‘लोक’ या शब्दातून दहांतील आठ-नऊ माणसे वगळली. निजामाचा स्वतःचा दावा जुन्या पद्धतीचा, वंशपरंपरेचा होता. त्यातही प्रजेला जागा नव्हतीच. पण राजाला स्वतःची गादी वाचवण्यासाठी काही सोडून देता येते. आजोबा-पणजोबांनी ब्रिटिशांशी तेच केले होते. वऱ्हाड गेला, तैनाती फौज आली, राज्य टिकले. नव्या सिद्धांताने निजामाची ही मोकळीक काढून घेतली. सार्वभौमत्व जर सगळ्या जमातीचे असेल आणि त्याला धर्माचा आधार असेल, तर त्यातला अंशही सोडण्याचा अधिकार एका व्यक्तीला, ती व्यक्ती निजाम असली तरी, राहत नाही. मालकाचा विश्वस्त होतो, आणि विश्वस्ताने मालमत्ता विकली तर ती चोरी ठरते. बहादुर यार जंग १९४४ मध्ये वारले. १९४६ च्या अखेरीपासून संघटनेची सूत्रे रझवी यांच्याकडे आली आणि तिच्या स्वयंसेवकांचे, म्हणजे रझाकारांचे, सशस्त्र दल झाले.

हा सिद्धांत प्रत्यक्षात काय करतो ते ऑक्टोबर १९४७ मध्ये दिसले. निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीत लॉर्ड माउंटबॅटन आणि संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्याशी बोलणी करीत होते. त्यात पंतप्रधान छतारीचे नवाब होते, घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर माँक्टन होते, सर सुलतान अहमद होते. सामीलनामा निजामाला नको होता. त्याऐवजी एका वर्षापुरता ‘जैसे थे’ करार करावा, ब्रिटिशांच्या काळात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळणाची जी व्यवस्था होती तीच चालू ठेवावी, असा मध्यममार्ग निघाला. मसुदा हैदराबादेत आला. कार्यकारी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो स्वीकारला. निजामानेही संमती दिली. फक्त सही दुसऱ्या दिवशीवर टाकली.

ती सही झालीच नाही. २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादच्या हजारो लोकांनी छतारी, माँक्टन आणि सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळाने दिल्लीला जाऊ नये, ही मागणी होती. पोलिसांनी काही केले नाही. अखेर लष्कराने या मंडळींना सुरक्षित जागी हलवले. त्यानंतर निजामाने रझवी यांनाच बोलावून घेतले. रझवी यांचे म्हणणे असे होते की भारत काश्मीरमध्ये गुंतला आहे, आता ताणून धरले तर जास्त मिळेल. भारतीय सैन्य त्याच दिवशी श्रीनगरला उतरले होते, हे लक्षात घेतले तर हा हिशेब अगदीच हवेतला नव्हता. छतारींनी राजीनामा दिला. मोईन नवाज जंग, अब्दुर रहीम आणि पिंगळे व्यंकटराम रेड्डी यांचे नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले आणि मसुदा बदलण्यास दिल्लीने नकार दिला. महिनाभराने, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी, जवळजवळ तोच करार सही होऊन पक्का झाला. कागद फारसा बदलला नाही. बदलली ती हैदराबादच्या बाजूला बसणारी माणसे. काही दिवसांतच मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि रझवी यांच्या इच्छेविरुद्ध काही करणे कोणत्याही मंत्र्याला कठीण झाले.

वाटाघाटींच्या अभ्यासात याला दोन टेबलांचा खेळ म्हणतात. अमेरिकेचे रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ साली ही कल्पना मांडली: प्रत्येक प्रतिनिधी एकाच वेळी परक्यांशी आणि आपल्या घरच्यांशी बोलणी करीत असतो, आणि घरच्यांना जे पटेल तेवढेच त्याला बाहेर देता येते. त्याआधी १९६० मध्ये टॉमस शेलिंग यांनी दाखवून दिले होते की हात बांधलेले असणे हे वाटाघाटीत बळही ठरू शकते. माझे लोक मला एवढेच करू देतील, असे सांगणाऱ्यापुढे समोरच्याला नमते घ्यावे लागते. निजाम असाच डाव खेळत होता असे काही इतिहासकारांना वाटते. रझवींना बागुलबुवा म्हणून पुढे करायचे आणि दिल्लीकडून सवलती काढायच्या. सुरुवातीला तसे असेलही. पण २७ ऑक्टोबरनंतर बागुलबुवा खरा झाला होता. स्वतःच्या पंतप्रधानाला घराबाहेर पडू न देणाऱ्या जमावाला शिक्षा करण्याऐवजी जो राजा त्या जमावाच्या पुढाऱ्याशी सल्लामसलत करतो, त्याच्या हातात डाव उरलेला नसतो.

दबाव दिल्लीवरही होते. फाळणीच्या कत्तली चालू होत्या, पंजाबचे निर्वासित राजधानीत होते, आणि देशाच्या पोटात एक स्वतंत्र राज्य राहू देणे हे कोणत्याही भारतीय पुढाऱ्याला परवडणारे नव्हते. वल्लभभाई पटेलांची भूमिका कडक होती. नेहरूंना आंतरराष्ट्रीय प्रतिक्रियेची चिंता अधिक होती. माउंटबॅटनना भारत सोडण्यापूर्वी हा प्रश्न शांततेने मिटवून जायचे होते. दिल्लीच्या पाठीमागेही एक जनता उभी होती, पण ती वाटाघाटीत कुठेच नव्हती. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्टलाच अटक झाली होती. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईला शिकवलेल्या या संन्याशाने सामिलीकरण आणि जबाबदार राज्यपद्धती या दोन मागण्यांसाठी सत्याग्रह उभा केला होता. जैसे थे करार झाल्यावर त्यांची सुटका झाली आणि जानेवारीत पुन्हा अटक झाली. पुढची जवळपास सगळी बोलणी ते तुरुंगात असताना झाली. राज्यातल्या बहुसंख्यांचा प्रतिनिधी गजाआड आणि करार त्या बहुसंख्यांच्या भवितव्याचा, असा हा प्रकार होता. हद्दीवरच्या छावण्यांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सशस्त्र हल्ले करू लागले. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली गेली. तेलंगणात कम्युनिस्टांचा लढा वेगळाच चालू होता. वाटाघाटीत ज्यांना खुर्ची मिळत नाही ते करार मोडण्याची क्षमता कमावतात, हा नियम हैदराबादनेही पाळला. ही क्षमता कमावण्याचे नैतिक समर्थन रझाकारांच्या बाबतीत आणि स्टेट काँग्रेसच्या बाबतीत एकसारखे नाही. एका बाजूला मताधिकार मागणारे बहुसंख्य होते, दुसऱ्या बाजूला तो नाकारणारे. पण करारावर झालेला परिणाम मात्र दोघांचा सारखाच होता.

तारखेचा एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. निजामाने ज्या २९ नोव्हेंबरला सही केली, त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. भारताने त्या ठरावाच्या विरोधात मत दिले होते. अल-अक्सा मशिदीच्या दुरुस्तीसाठी निजामाने पूर्वी निधी दिला होता. एका कागदाने युद्ध वर्षभर पुढे ढकलायचे होते, दुसऱ्याने कायमचे टाळायचे होते. दोन्ही कागद वर्षभरात निरुपयोगी ठरले.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ साली ‘शाश्वत शांतता’ या निबंधात पहिलीच अट घातली होती: ज्या तहात पुढच्या युद्धाचे कारण मनात राखून ठेवले आहे तो तह नव्हे, ती केवळ लढाईची विश्रांती आहे. जैसे थे करार या कसोटीवर उतरत नाही. हैदराबादने भारतीय चलनावर आणि मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, आणि सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकाकडून चोरट्या मार्गाने शस्त्रे आणवली. भारताकडून मालाची आवक अडवली जाते, अशी हैदराबादची तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती. भारताचे प्रतिनिधी म्हणून गेलेले कन्हैयालाल मुन्शी यांना तेथे मित्र म्हणून कोणीच वागवले नाही, आणि त्यांनीही तशी फार अपेक्षा ठेवलेली दिसत नाही. कांटची कसोटी फार कडक आहे, तिच्यावर इतिहासातले थोडेच तह टिकतील, हा आक्षेप रास्त आहे. तरी एक फरक करता येतो. काही तह मनात राखलेली गोष्ट हळूहळू विसरायला लावतात, काही ती धारदार करतात. एका वर्षाची मुदत असलेला हा तह दुसऱ्या प्रकारात मोडतो; घड्याळ दोघांनाही दिसत होते.

जून १९४८ मध्ये शेवटचा प्रयत्न झाला. माउंटबॅटन २१ जूनला मायदेशी जाणार होते. जो मसुदा तयार झाला तो हैदराबादला बराच सोयीचा होता. संस्थानाला आपले सैन्य ठेवता येणार होते, मर्यादा २०,०००. रझाकार टप्प्याटप्प्याने बंद करायचे होते. सामिलीकरणाचा निर्णय जनमताने व्हायचा होता. पटेल त्या वेळी डेहराडूनला आजारपणातून सावरत होते. त्यांनी सुरुवातीला साफ नकार दिला आणि मग निरोपाच्या वेळी माउंटबॅटन यांच्या खातर, सगळ्यांना आश्चर्य वाटावे अशा रीतीने, मसुद्याला मान्यता दिली. निजामाने तो नाकारला. आणखी काही बदल मागितले. जो पक्ष अधिक बलवान होता त्याने या क्षणी अधिक सोडले होते, आणि जो दुबळा होता त्याला घेता आले नाही, कारण घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. पाठीमागच्या दबावाचा हा सर्वांत शुद्ध नमुना आहे. समोरच्याची अट कितीही सौम्य झाली तरी पाठीमागच्यांना कोणतीच अट चालत नसेल, तर वाटाघाट संपलेली असते.

दडपणाखाली दिलेल्या शब्दाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. सतराव्या शतकात हॉब्जने सांगितले की भीतीपोटी केलेला करारही बांधील असतो. नाही तर जगातला कोणताच तह बांधील राहणार नाही, कारण सगळे तह भीतीतूनच होतात. हे तर्काला धरून आहे, पण मनाला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण नांदेडशी जोडलेले आहे. आनंदपूरचा किल्ला सोडल्यास सुखरूप जाऊ देऊ, अशी शपथ मोगलांच्या बाजूने कुराणाला स्मरून घेतली गेली आणि मोडली गेली. गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला ‘जफरनामा’ हे फारसी पद्यपत्र पाठवले ते या शपथभंगाबद्दल. औरंगजेब तेव्हा आयुष्याच्या अखेरीस अहमदनगरला होता. पत्राचा रोख पराभवाच्या दुःखावर नाही. बादशहाच्या माणसांनी स्वतःच्या धर्मग्रंथाची साक्ष खोटी पाडली, यावर आहे. शीख गुरू मुस्लिम बादशहाला त्याच्याच धर्माची कसोटी लावतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचा अंत नांदेडला झाला. शब्दाला बळ येते ते ज्याला देणारा पवित्र मानतो त्याच्या साक्षीने, आणि म्हणून धर्म करार मोडतोच असे नाही, पाळायलाही तोच लावतो, हा मुद्दा या पत्रातून हॉब्जपेक्षा अधिक स्पष्ट होतो.

महाराष्ट्राने दडपणाचा आणखी एक प्रकार पाहिला आहे, ज्यात शस्त्र नव्हते. २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात गांधीजींनी उपोषण सुरू केले आणि २४ तारखेला पुणे करार झाला. डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडून प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा घेतल्या. त्या सहीवर देशभराच्या भावनेचे ओझे होते आणि नकाराचा परिणाम खेड्यापाड्यांतल्या अस्पृश्य वस्त्यांना भोगावा लागला असता. पुढे आंबेडकरांनी या कराराबद्दल कठोरपणे लिहिले. मात्र करार त्यांनी पाळला. हॉब्जच्या बाजूचे हे कदाचित सर्वांत भारी उदाहरण आहे, आणि त्यात सुख मानण्यासारखे काही नाही.

इस्रायल-पॅलेस्टाइन प्रश्नात पाठीमागचा दबाव आणि पावित्र्याचा सिद्धांत हे दोन्ही हैदराबादपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर, आणि दोन्ही बाजूंना, दिसतात. १९७४ साली सुरू झालेल्या गुश एमुनीम चळवळीने रब्बी झ्वी येहुदा कूक यांची शिकवण पुढे नेली: इस्रायलची भूमी ईश्वराने दिलेली आहे, तिचा तुकडाही सोडण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. हमासच्या १९८८ च्या सनदेने पॅलेस्टाइनची भूमी पुढच्या सगळ्या पिढ्यांसाठी वक्फ म्हणून जाहीर केली. तीही कोणाला सोडता येत नाही. शब्द वेगळे असले तरी दोन्ही ठिकाणी रचना हैदराबादसारखीच आहे. सरकार हे मालक नव्हे, विश्वस्त; आणि विश्वस्ताला विकण्याचा हक्क नाही. १३ सप्टेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यातील ऑस्लो करारावर सह्या झाल्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत बारूक गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतकाराने नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारले. मग हमासच्या आत्मघाती हल्ल्यांची मालिका सुरू झाली. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी यिगाल आमीर या कायद्याच्या ज्यू विद्यार्थ्याने पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या केली. पुढच्या मे महिन्यात कराराचे विरोधक नेतान्याहू एका टक्क्याहून कमी फरकाने निवडून आले. कराराच्या विरोधातल्या दोन टोकांनी एकमेकांशी कधी बोलणी केली नाहीत, पण एकमेकांना इतकी मदत मित्रांनीही केली नसेल.

जुलै २००० मधील कॅम्प डेव्हिडच्या बोलण्यांच्या वेळी इस्रायलचे पंतप्रधान एहुद बराक यांची आघाडी फुटलेली होती. निघण्याच्या तोंडावर त्यांच्याविरुद्धच्या अविश्वास ठरावाला ५४ मते पडली, विरोधात ५२. ठराव मंजूर व्हायला ६१ लागत होती म्हणून ते वाचले. दुसरीकडे पॅलेस्टिनी नेते अराफत यांना जेरुसलेमच्या पवित्र स्थळांबाबत काही सोडले तर आपल्याच अंत्ययात्रेची तयारी होईल, असे वाटत होते, आणि तशा आशयाचे ते अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्याशी बोलल्याची नोंद आहे. या बोलण्यांच्या अपयशाचा दोष कोणाचा, यावर तेथे हजर असलेल्यांचेही एकमत नाही. एवढे मात्र खरे की अनेक मुद्द्यांवर अंतर कमी झाले आणि जेरुसलेमच्या एका पवित्र टेकडीवर थांबले.

यावरून धर्म आणि तडजोड यांचे मूळचेच वैर आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९७९ च्या सुमारास रब्बी ओवादिया योसेफ यांनी नेमका उलटा निर्णय दिला: माणसांचे प्राण वाचत असतील तर भूमी सोडता येते, कारण जीव वाचवणे हे इतर जवळपास सगळ्या आज्ञांहून वरचे आहे. इस्लामच्या परंपरेत तर वाटाघाटीत आपल्याच माणसांच्या रोषाला तोंड देण्याचा आदर्शच आहे. इ. स. ६२८ मध्ये हुदैबिया येथे मक्केच्या कुरैशांशी तह करताना प्रेषित मुहंमदांनी करारातून ‘अल्लाहचा प्रेषित’ ही आपली उपाधी काढून टाकू दिली. त्यांचे साथी संतापले, उमर यांनी उघड नाराजी दाखवली. तहाप्रमाणे मक्केतून पळून आलेल्यांना परत करायचे होते, आणि साखळदंडासह धावत आलेल्या अबू जंदल यांना खरोखरच परत करावे लागले. साथीदार कुर्बानी द्यायला उठेनात, तेव्हा पत्नी उम्म सलमा यांनी सुचवल्याप्रमाणे मुहंमदांनी स्वतः आधी कुर्बानी दिली, आणि मग सगळे उठले. इत्तेहादच्या व्याख्यानांत धर्माच्या नावाने ताठपणा शिकवला जात होता तेव्हा हा प्रसंग कोणालाच माहीत नव्हता, असे नाही. मे १९९४ मध्ये जोहान्सबर्गच्या मशिदीत अराफत यांनी याच हुदैबियाचा दाखला दिला. त्यांच्या लोकांना तो तडजोडीचे समर्थन म्हणून ऐकू आला, इस्रायलमध्ये तो तह पुढे मोडण्याचा इशारा म्हणून ऐकला गेला.

महाभारताच्या उद्योगपर्वात हीच गुंतागुंत आहे. पाच गावांची मागणी आणि सुईच्या टोकाएवढीही भूमी न देण्याचा दुर्योधनाचा हट्ट सगळ्यांना पाठ असतो. त्याआधीचा प्रसंग कमी सांगितला जातो. कृष्ण शिष्टाईला निघतो तेव्हा भीमासारखा माणूसही शांततेच्या बाजूने बोलतो आणि द्रौपदी आपले केस हातात धरून पुढे येते: संधीची बोलणी करताना हे केस लक्षात ठेव. पाठीमागचा दबाव येथे धर्मांधाचा नाही, अन्याय सोसलेल्या स्त्रीचा आहे, आणि तिचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. अविशाई मार्गालित या इस्रायली तत्त्वज्ञाने २०१० च्या आपल्या ग्रंथात तडजोड आणि सडकी तडजोड असा भेद केला. क्रूरता आणि अपमान यांवर उभी राहिलेली व्यवस्था जिने टिकून राहते ती तडजोड सडकी, आणि ती कोणत्याही किमतीला करू नये, बाकीच्या कराव्यात. द्रौपदीचे केस ही त्या भेदाची आठवण आहे. पण बहुसंख्यांना मतदानाचा अधिकार देणे हा कोणत्याही मुस्लिमाचा अपमान नव्हता, म्हणून जून १९४८ चा मसुदा नाकारणाऱ्यांना ती आठवण उपयोगी पडत नाही.

किंमत मात्र टेबलाशी न बसलेल्यांनी मोजली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात रझाकारांनी मोठे हत्याकांड केले. ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना, भारतात सामील व्हावे असे लिहिल्याबद्दल, रस्त्यात गाठून मारण्यात आले. त्यांचा हात तोडण्यात आला. जमातीचे सार्वभौमत्व जमातीतल्या वेगळ्या आवाजालाही जागा देत नव्हते. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला लष्करप्रमुख एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेत दाखल केलेली तक्रार निजामाने २२ सप्टेंबरला मागे घेतली. मराठवाड्यात १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल त्या दिवशी फारसे बोलले जात नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा करून सरकारला अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. मेलेले बहुसंख्य मुस्लिम. सर्वांत वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची होती. लातूरविषयी अहवालात वेगळी नोंद आहे: रझवी यांचे गाव म्हणून ते ओळखले जात होते, तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या, हजाराहून अधिक माणसे गेली आणि सुमारे दहा हजार मुस्लिमांपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले. पटेलांना अहवाल मान्य नव्हता आणि तो अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. आकडा किती धरायचा यावर वाद होऊ शकतो. जे मेले त्यांतल्या बहुतेकांना जैसे थे कराराची कलमेही माहीत नव्हती, यावर वाद नाही.

रझवी यांना शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये कराचीत वारले. जाण्यापूर्वी संघटना त्यांनी अब्दुल वाहिद ओवैसी या वकिलांकडे सोपवली. १९५८ साली तिची घटना नव्याने लिहिली गेली आणि भारतीय राज्यघटनेच्या चौकटीत काम करण्याचे तिने मान्य केले. ‘अनल मलिक’ मागे पडले. २०१२ मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिकेच्या निवडणुकीत या पक्षाने ११ जागा जिंकल्या. महाराष्ट्रातले त्याचे ते पहिले मोठे यश होते, आणि ते मतपेटीतून मिळाले.